कोकणातून इलेक्ट्रिकल की कॉम्प्युटर? पदवीच्या वाटा, एकेक पायरी

बारावी सायन्सचा निकाल लागला की कोकणातल्या बहुतेक घरांत एकच चर्चा सुरू होते. कॉम्प्युटरला नंबर लागला तर उत्तम, नाही लागला तर 'मिळेल ते'. या 'मिळेल ते'मध्ये इलेक्ट्रिकल असतं, इलेक्ट्रॉनिक्स असतं, आणि तिथे चार वर्षं नेमकं काय शिकवतात हे मुलालाही माहीत नसतं आणि घरच्यांनाही. माझं सांगणं एकच आहे: शाखा नावावरून निवडू नका, तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडून निवडा. इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर यांच्यात ये-जा होऊ शकते, पण ती दोन्ही बाजूंनी सारखी मोकळी नाही. हे आधी कळलं तर पर्यायांच्या यादीतला क्रम बदलतो.

ज्यांच्या घरातून इंजिनीअरिंगला जाणारं हे पहिलंच मूल आहे, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय.

पहिली पायरी: वाटा किती, ते आधी बघा

दहावीनंतर लगेच सुरू होणारी वाट म्हणजे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. तीन वर्षांचा. रत्नागिरी, मालवण आणि पेण इथे शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. डिप्लोमा झाला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि त्यासाठी सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, द्यावी लागत नाही, डिप्लोमाचे गुण धरतात. ज्या मुलाला हातानं काम करायला आवडतं आणि अकरावी-बारावीच्या क्लासचा खर्च ज्या घराला झेपणारा नाही, त्याच्यासाठी ही वाट मला फार चांगली वाटते. 'डिप्लोमा म्हणजे कमी हुशार मुलांचा' असं अजून कुणी म्हणत असेल, तर ते मनावर घेऊ नका. दुसऱ्या वर्षी वर्गात येणारी डिप्लोमाची मुलं प्रयोगशाळेत सगळ्यांत पुढे असतात. त्यांची खरी अडचण असते गणित, आणि ती आधीपासून तयारी केली तर सुटते.

दुसरी वाट बारावी विज्ञान, मग एमएचटी-सीईटी किंवा जेईई (देशपातळीवरची प्रवेश परीक्षा), आणि चार वर्षांचं बी.टेक. किंवा बी.ई. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच. ठरलेल्या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांना, आर्थिक दुर्बल घटकांना व दिव्यांग विद्यार्थ्यांना ४० टक्के गुण हवेत. सीईटीत उत्तम पर्सेंटाईल आणि बारावीला या विषयांत काठावर नापात्र, असं झालं तर प्रवेश मिळत नाही. सीईटीच्या नादात बोर्डाकडे पाठ फिरवू नका.

तिसरी वाट इंजिनीअरिंगच्या बाहेरची: बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, बी.एस्सी. आयटी, बीसीए. हे अभ्यासक्रम आपल्या जिल्ह्यातल्या अनेक महाविद्यालयांत आहेत, शुल्क बरंच कमी असतं आणि पुढे एमसीए किंवा एम.एस्सी. करून सॉफ्टवेअरच्याच क्षेत्रात जाता येतं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या, मान्यतेतल्या बीसीएच्या प्रवेशासाठी वेगळी सीईटी आहे. पूर्वीसारखं निकाल लागल्यावर कॉलेजात जाऊन फॉर्म भरला, असं तिथे चालत नाही. बारावीच्या वर्षात हिवाळ्यापासूनच सीईटी कक्षाच्या (राज्यातल्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाच्या) सूचनांवर लक्ष ठेवा.

आणखी एक नवी वाट आहे. आयआयटी मद्रास डेटा सायन्समधली आणि २०२३ पासून इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्समधलीही बी.एस. पदवी ऑनलाइन देतं. जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यायच्या असतात. काही मुलं ती दुसऱ्या पदवीच्या जोडीनं करतात. घर सोडणं शक्य नसलेल्या मुलीसाठी किंवा मुलासाठी हा खरा पर्याय आहे, पण अभ्यास कठीण आहे आणि तो एकट्यानं रेटावा लागतो.

दुसरी पायरी: शाखेच्या आत काय आहे

इथे घाई करू नका. सगळ्या लेखात हाच भाग दोनदा वाचावा असा आहे.

पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी सगळ्या शाखांना जवळजवळ सारखं असतं. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, ड्रॉइंग, कार्यशाळा, मूलभूत इलेक्ट्रिकल आणि प्रोग्रामिंग. म्हणजे कॉम्प्युटरवाल्याला ट्रान्सफॉर्मर शिकावा लागतो आणि इलेक्ट्रिकलवाल्याला सी भाषेत किंवा पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहावा लागतो. फाटा फुटतो तो दुसऱ्या वर्षी.

इलेक्ट्रिकलला दुसऱ्या वर्षी सर्किटचं विश्लेषण, विद्युत यंत्रं, मोजमाप आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स येतं. तिसऱ्या वर्षी पॉवर सिस्टिम, कंट्रोल सिस्टिम, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, मायक्रोप्रोसेसर. शेवटच्या वर्षी स्विचगिअर आणि संरक्षण, ड्राइव्ह आणि प्रकल्प. गणित लागतं ते कलनाचं: डिफरन्शिअल समीकरणं, लाप्लास, फूरिए, आणि संमिश्र संख्या. अकरावीत 'याचा उपयोग काय' म्हणून ज्या संमिश्र संख्यांकडे दुर्लक्ष होतं, त्यांच्याशिवाय एसी सर्किटचं एक गणित सुटत नाही.

कॉम्प्युटरला दुसऱ्या वर्षी डिस्क्रीट गणित, डेटा स्ट्रक्चर, संगणकाची अंतर्गत रचना. पुढे ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, कंपायलर, मशीन लर्निंग. गणित इथेही आहे, फक्त वेगळं: तर्कशास्त्र, मोजणी, आलेख सिद्धान्त, संभाव्यता, मॅट्रिक्स. 'मला गणित नको, म्हणून कॉम्प्युटर घेतो' असं म्हणणारी मुलं दरवर्षी भेटतात. त्यांना मी डिस्क्रीट गणिताची आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनची प्रश्नपत्रिका दाखवतो.

मोबाइल वापरता येणं किंवा गेम खेळता येणं याचा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगशी काही संबंध नाही. तासभर डोकं लावून एका प्रोग्रॅममधली चूक सापडत नाही, तरी खुर्ची सोडवत नाही, असा स्वभाव असेल तर ती शाखा तुमची.

इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी कॉम्प्युटरच्या अगदी जवळची शाखा आहे. निम्म्याहून जास्त विषय सारखे असतात आणि सॉफ्टवेअर कंपन्या भरतीत दोन्हींत फारसा फरक करत नाहीत. कॉम्प्युटर थोडक्यात हुकलं म्हणून आयटी मिळालं तर हळहळू नका. 'एआय-एमएल', 'डेटा सायन्स', 'सायबर सिक्युरिटी' अशी नावं असलेल्या नव्या शाखांबद्दल मात्र सावध राहा. त्या वाईट नाहीत. पण पाया कॉम्प्युटरचाच आहे ना, म्हणजे डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस हे चारही विषय पूर्ण शिकवतात ना, आणि ते शिकवणारे कायमचे प्राध्यापक आहेत ना, हे विचारून घ्या.

इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन मधल्या जागेवर उभी आहे. सिग्नल, कम्युनिकेशन, एम्बेडेड सिस्टिम, चिप डिझाइन. सर्किट आणि प्रोग्रॅम दोन्ही आवडतात, पण मोठ्या मोटरी आणि उच्च दाबाच्या वाहिन्या यांत रस नाही, त्यानं ही शाखा यादीत वर ठेवावी.

आता ये-जा. इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन सॉफ्टवेअरमध्ये जाता येतं, कारण बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या कोणत्याही शाखेच्या इंजिनीअरला परीक्षा देऊ देतात. कॉम्प्युटरची पदवी घेऊन महावितरणच्या वितरण विभागात अभियंता होता येत नाही, तिथे इलेक्ट्रिकलचीच पदवी मागतात. महापारेषण, पॉवरग्रिड, वीजनिर्मिती कंपन्या, कारखान्यांचे विद्युत विभाग इथेही इलेक्ट्रिकलच्या जागांवर तोच नियम. पदवीनंतर एम.टेक.ला आणि सरकारी कंपन्यांच्या भरतीला लागणाऱ्या गेट परीक्षेत इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटरचे पेपर वेगळे आहेत, २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचाही स्वतंत्र पेपर आहे, आणि सरकारी कंपन्या भरती करताना कोणता पेपर चालेल ते जाहिरातीतच सांगतात. म्हणून ज्याचा कल दोन्हींकडे आहे आणि मन ठरत नाही, त्याला मी इलेक्ट्रिकल घेऊन प्रोग्रामिंग जोडीनं शिकायला सांगतो.

आणि कोकणातल्या मुलांनी इलेक्ट्रिकलकडे वेगळ्या नजरेनं बघावं, असं मला मनापासून वाटतं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली येऊन चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला वीज देतं आणि मग वाशिष्ठीला मिळतं. सगळे टप्पे धरून कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. जयगडला १,२०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, अंजनवेलला वायूवर चालणारा प्रकल्प, उत्तरेला तारापूरची अणुभट्टी. रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरच्या कोकण रेल्वे मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं आणि त्यावर २५ किलोव्होल्टनं गाड्या धावतात. लोटे, महाड, रोहा इथल्या कारखान्यांना चोवीस तास वीज सांभाळणारी माणसं लागतात.

त्यातही आपल्या किनाऱ्याचे प्रश्न आपलेच आहेत. मे महिन्याच्या अखेरीस पहिला शिडकावा झाला की लाईट जाते, हे सगळ्यांनी पाहिलंय. त्याचं एक कारण खाऱ्या वाऱ्यात आहे. उन्हाळाभर समुद्रावरून येणारं मीठ खांबावरच्या इन्सुलेटरवर साचतं. कोरडं असताना त्याचा त्रास होत नाही. हलका पाऊस किंवा दव पडलं की त्या मिठाचा ओला थर विजेला वाट देतो आणि इन्सुलेटरवरून ठिणगी उडून वाहिनी बंद पडते. जोराचा पाऊस उलट ते मीठ धुऊन टाकतो. इन्सुलेटरचा आकार कसा असावा, तो कशाचा बनवावा, किती वेळा धुवावा, हे सगळं इलेक्ट्रिकलच्या अभ्यासात येतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा खांब आडवे झाले आणि कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. जाळं कसं उभारलं म्हणजे ते पुन्हा लवकर उभं राहील, हा प्रश्न इथल्या मुलानं सोडवायला घेतला तर तो किती आपलेपणानं सोडवील!

कॉम्प्युटर घेणाऱ्यानं मात्र हे मान्य करूनच निघावं, की पहिली नोकरी बहुधा पुणे, मुंबई किंवा बंगळूरला असेल. गावाकडे राहून काम करणारेही आहेत, पण तशी मुभा बहुतेक वेळा अनुभवानंतर मिळते.

तिसरी पायरी: आपला कल तपासा, विजेच्या बिलावर

कल चाचणीवर पैसे घालवण्याआधी हे घरी करून बघा. महावितरणचं बिल घ्या. घरगुती दर टप्प्यांत असतो: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. युनिट टाकले की स्थिर आकारासकट रक्कम सांगणारा छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहा. भाषा येत नसेल तर आधी चार-पाच दिवस तिची ओळख करून घ्या. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पाठ फुकट आहेत. मग त्याच घरातल्या प्रत्येक उपकरणाचे वॉट लिहून काढा, ते किती तास चालतं याचा अंदाज घ्या, आणि महिन्याचे युनिट बिलाशी जुळतात का बघा. जुळणार नाहीत. का जुळत नाहीत ते शोधा: फ्रिज सलग चालत नाही, पंप सुरू होताना जास्त प्रवाह घेतो पण तेवढाच वेळ, जुना पंखा लिहिल्यापेक्षा जास्त खातो का?

दोन्हींपैकी कशात तुम्ही जेवणाची वेळ विसरलात, याकडे लक्ष द्या. दोन्ही कंटाळवाणं वाटलं तर इंजिनीअरिंगचाच पुन्हा विचार करा, आणि तो घरी मोकळेपणानं बोलून दाखवा.

चौथी पायरी: कागदपत्रं अकरावीतच

गुण असूनही जागा जाते ती बहुतेक वेळा इथे. जातीचा दाखला असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीत कॉलेजच्या शिफारशीनं जिल्हा समितीकडे करता येतो. तो करून टाका. आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, जन्म नोंदी, जुनी महसुली कागदपत्रं शोधण्यात वेळ जातो, आणि ज्यांचं कुटुंब दोन पिढ्या मुंबईत होतं त्यांच्या नोंदी गावात आणि मुंबईत विखुरलेल्या असतात. गणपतीला चाकरमानी मंडळी गावी येतात तेव्हा काका-आत्यांना कागद घेऊन यायला सांगा.

नॉन-क्रिमीलेअरचं (मागास प्रवर्गातलं कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं) प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून मिळतं आणि त्यावर ३१ मार्चपर्यंतची मुदत असते. जुनं प्रमाणपत्र प्रवेशाला चालत नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून निघतात. मुलीच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का, तेही बघा. एका अक्षराच्या फरकानं पुढे शिष्यवृत्ती अडकते.

पाचवी पायरी: सीईटी, आणि मग पर्यायांचा अर्ज

एमएचटी-सीईटीत गणित, भौतिक आणि रसायन प्रत्येकी ५० प्रश्न. गणिताला प्रत्येक प्रश्नाला २ गुण, बाकीच्यांना १, एकूण २००. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. सुमारे २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो. निम्मे गुण एकट्या गणिताचे आहेत, आणि गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी गणिताच्या इंग्रजी संज्ञांची वही अकरावीपासून ठेवावी.

निकालानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप. नोंदणी, कागदपत्रांची छाननी, गुणवत्ता यादी, मग पर्यायांचा अर्ज. २०२५-२६ मध्ये चार फेऱ्या झाल्या. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षाची माहिती पुस्तिका स्वतः वाचा. सायबर कॅफेवाल्या दादाच्या भरवशावर राहू नका.

पर्याय भरताना दोन गोष्टी समजून घ्या. संगणक तुमच्या यादीत वरून खाली येतो आणि तुमच्या गुणांना जो पहिला पर्याय बसतो तो देतो. वर एखादं न मिळण्यासारखं कॉलेज लिहिल्यानं खालचं हातातून जात नाही. म्हणून क्रम आवडीनं लावा, शक्यतेनं नाही. दुसरी गोष्ट पक्क्या होणाऱ्या जागेची. २०२५-२६ च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळाला, तर ती जागा पक्की होते आणि पुढच्या फेरीत भाग घेता येत नाही. तेव्हा वरच्या सहा जागी मनापासून हवं तेच लिहा.

गेल्या वर्षीचे कटऑफ बघताना कॉलेजच्या नावापुढच्या सांकेतिक अक्षरांकडे लक्ष द्या. शेवटचं अक्षर एच असेल तर ती जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठी, ओ असेल तर बाहेरच्यांसाठी, एस असेल तर राज्यपातळीची. सुरुवातीचं एल मुलींच्या जागेचं. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग ही मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रातली आहेत, म्हणजे मुंबई-ठाण्यातल्या त्या विद्यापीठाच्या कॉलेजांतही तुम्ही घरचेच. हे अनेकांना माहीत नसतं आणि ते भलत्याच स्तंभातला आकडा बघून निराश होतात.

हे सगळं जुलैत, भर पावसात चालतं. लाईट जाणार, टॉवर बंद पडणार, घाटात दरड येऊन एसटी थांबणार. शेवटच्या तारखेच्या निदान दोन दिवस आधी अर्ज पक्का करा, पॉवर बँक भरून ठेवा, आणि अर्जाची छापील प्रत काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. लांबच्या कॉलेजला हजर व्हायचं असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, तेही बघून निघा.

सहावी पायरी: जवळची कॉलेजं पाहून या

मुंबई-गोवा महामार्गावर माणगाव आणि महाडच्या मधे लोणेरे आहे. तिथे १९८९ च्या कायद्यानं स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. स्वतःच्या आवारात इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर, आयटी आणि इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन या शाखा शिकवणारं, शिवाय राज्यभरातल्या अनेक कॉलेजांना संलग्नता देणारं हे विद्यापीठ. इथे एक घोटाळा नेहमी होतो: 'लोणेऱ्याच्या विद्यापीठाची पदवी' आणि 'लोणेऱ्याच्या आवारातलं शिक्षण' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कटऑफही वेगळे. अर्जात कॉलेजचा संकेतांक तपासून घ्या. आवारात प्रवेश मिळत असेल तर कोकणातल्या मुलानं तो गंभीरपणे घ्यावा. गोरेगाव रोड आणि माणगाव ही रेल्वे स्थानकं जवळ आहेत.

रत्नागिरीत फिनोलेक्स अकादमी १९९६ पासून आहे आणि अलीकडे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही सुरू झालंय. देवरुखजवळ आंबव इथे राजेंद्र माने महाविद्यालय, खेड तालुक्यात लवेलला घरडा इन्स्टिट्यूट, कणकवलीला एसएसपीएम, सावंतवाडीला यशवंतराव भोसले इन्स्टिट्यूट. घाट चढला की कराडचं शासकीय अभियांत्रिकी आणि सांगलीचं वालचंद. चिपळूणच्या मुलाला कराड मुंबईपेक्षा जवळ पडतं, हे नकाशा पाहिल्याशिवाय सुचत नाही.

कुठल्या कॉलेजात त्या वर्षी कुठली शाखा, किती जागा, हे सीईटी कक्षाच्या यादीतच बघा. कॉलेजात गेलात तर स्वागतकक्षात बसून माहितीपत्रक घेऊन परतू नका. प्रयोगशाळा दाखवा म्हणा. इलेक्ट्रिकलच्या मशीन लॅबमध्ये मोटर-जनरेटरचे किती संच चालू अवस्थेत आहेत, एका संचावर किती मुलं उभी राहतात, ते विचारा. कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये संध्याकाळी बसू देतात का, लाईट गेल्यावर बॅकअप किती वेळ टिकतो, ते विचारा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी प्राध्यापक नसताना बोला. आणि शिक्षणाच्या दर्जासाठी दिलं जाणारं एनबीए मानांकन शाखेला मिळतं, संपूर्ण कॉलेजला नाही; तुमच्या शाखेला आहे का, एवढंच विचारा.

सातवी पायरी: पैसे

कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर) योजनेत शिकवणी शुल्क माफ होतं. या ५ टक्के जागा वेगळ्या असतात आणि कटऑफ चढा असतो, पण पर्यायांत त्या घालायला विसरू नका. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीत शुल्काचा निम्मा भार शासन उचलतं. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांना मिळते. संस्था पातळीवरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या, जागेवर 'लगेच प्रवेश देतो' असं कुणी म्हणालं, तर ही सवलत गमावणार आहोत हे हिशेबात धरा.

राहण्याच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातींसाठी स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर होतात. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, आणि अर्ज दरवर्षी नव्यानं करावा लागतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरलेल्या मुलांच्या घरी अचानक पूर्ण शुल्काची मागणी येते.

आठवी पायरी: पहिलं वर्ष

उशिरा लागलेल्या प्रवेशांमुळे पहिलं सत्र आखूड असतं आणि त्यातच गणपती येतात. गावी जरूर जा, पण परतीचं तिकीट जाण्याआधी काढा. गणिताचा पहिला पेपर हाच पहिल्या वर्षात सर्वांत जास्त मुलांना अडवतो. रोज एक तास त्याला द्या. इंग्रजी वाचून कळत नसेल तर तोच धडा मराठीत मित्राला समजावून सांगा. पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी विचार कुठल्याही भाषेत करता येतो.

हवी ती शाखा मिळाली नसेल तर पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलण्याची सोय अनेक ठिकाणी असते. जागा रिकामी असली तरच ती होते, म्हणून पहिल्याच महिन्यात विभागात जाऊन नियम लेखी मागून घ्या. शाखा बदलली नाही तरी दुसऱ्या शाखेचे १८ ते २० क्रेडिट (विषयांचं वजन मोजण्याचं एकक) जादा घेऊन मायनर, म्हणजे जोडीची दुय्यम, पदवी मिळवता येते. इलेक्ट्रिकलला कॉम्प्युटरची मायनर ही जोडी आज वीज क्षेत्रात फार कामाची आहे, कारण स्मार्ट मीटर, सौर इन्व्हर्टर आणि सबस्टेशनचं नियंत्रण हे सगळं आता सॉफ्टवेअरवर चालतं. मायनरची नोंदणी साधारण दुसऱ्या वर्षात सुरू होते आणि तिला आधीच्या सत्रांतल्या गुणांची अट असते. ती अट तुमच्या कॉलेजात किती आहे, ते शाखा बदलाचे नियम मागताना त्याच वेळी विचारून घ्या.